सोलापूरहून सायकलवर हिमालय: पहिल्यांदा स्पिती की लेह?

सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर. इथला सायकलवाला तुळजापूरचा घाट न थांबता चढत असेल, भर मे महिन्यात अक्कलकोट गाठून परत येत असेल, तरी विरळ हवेची सवय त्याला त्यातून लागत नाही. पायातला दम वेगळा आणि उंचीचा सराव वेगळा. म्हणून मनाली–लेह की शिमला–काझा (काझा हे स्पितीतलं मुख्य गाव) हे ठरवताना सगळ्यात उंच खिंड कोणती ते बघत बसू नका. रोज रात्री किती उंचीवर झोपणार, ते कागदावर मांडा.

अंतर दोन्हीकडे साधारण सारखंच, सव्वाचारशे ते पावणेपाचशे किलोमीटर.

मनाली २,०५० मीटरवर. रोहतांग ओलांडून लाहौलमध्ये उतरलं की दारचापर्यंत गावं लागतात. त्यापुढे बारालाचा खिंड चढून सरचूला मुक्काम, तोही ४,२०० मीटरच्या वर, उन्हाळ्यापुरत्या लावलेल्या तंबूत. माझी खरी काळजी या मुक्कामाची आहे. रात्री डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर उपाय एकच: खाली उतरणं. पण सरचूहून मागे जायचं तर बारालाचा आडवा येतो. पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला ('ला' म्हणजे खिंड) आणि पाच हजारांवरची लाचुलुंग ला. कुठेही उतरायचं तर आधी चढावंच लागतं, आणि आजारी माणसाला नेमकं तेच जमत नाही. त्यानंतरचा पांगचा मुक्काम ४,६०० मीटरच्या आसपास. मग तांगलांग ला, ५,३२८ मीटर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या सवयीच्या जेमतेम निम्मा.

शिमल्याकडून रस्ता दमानं चढतो. नारकंड्याहून (२,७०० मी.) तो सतलजकाठी रामपूरला थेट हजार मीटरवर उतरतो आणि नदीच्या सोबतीनं वर सरकतो. कल्पा २,९०० च्या पुढे, नाको ३,६०० च्या पुढे, नंतर ताबो पुन्हा खाली, ३,२८० वर. तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ. स. ९९६ चा, एक दिवस तिथेच काढा, शरीराला तेवढी उसंत हवीच असते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा नियम या रस्त्यावर सहज पाळता येतो. काझ्याला दवाखाना आहे. हिक्कीम, कोमिकसारखी गावं दिवसा वर जाऊन रात्री काझ्यात झोपायला यावं इतकी जवळ. पहिल्या खेपेला मी स्पितीच सांगेन.

मात्र सुट्टी ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर माझं उत्तर बदलतं. पावसाळ्यात स्पितीच्या वाटेवरच्या किन्नौरमध्ये दरडी कोसळतात, रस्ता दिवस-दिवस बंद पडतो. स्पितीसाठी जून किंवा सप्टेंबर. लडाख मात्र पर्जन्यछायेत. तेव्हा ऑगस्टमध्ये विमानानं लेहला उतरा, पहिले दोन दिवस सायकलला हातही लावू नका, मग सिंधूकाठानं फिरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे सोलापुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर.

काझ्याहून कुंझुम खिंडीमार्गे मनालीला निघणार असाल तर दोन इंच रुंदीचे टायर, जादा ब्रेकपॅड आणि डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग सायकलला जोडणारा तुकडा) हवाच. बर्फ वितळून तिथले नाले दुपारी फुगतात, ते सकाळीच ओलांडा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र दोन्हीकडे न्या: वजनाला हलकी, आठवडाभर टिकते, आणि उंचीवर भूक मेली तरी तिखटामुळे दोन घास जातात.

सायकल कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत न्यायची तर पेडल काढून, हँडल वळवून बांधा आणि पार्सल ऑफिसात वेळेआधी पोचा. लडाखला जाणाऱ्यांनी पोस्टपेड सिम घ्यावं, आपलं प्रीपेड तिथे चालत नाही. हिमाचलात ती अडचण नाही.