नागरिकत्व कुणाला? लिथुआनियाचा मार्ग आणि लॅटव्हियाचा

सोव्हिएत संघ मोडताना दोन्ही देशांपुढे प्रश्न एकच होता: सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेल्यांचं काय करायचं?

लिथुआनियाने नोव्हेंबर १९८९ मध्येच कायदा करून कायम रहिवाशांना दोन वर्षांत नागरिकत्व निवडण्याची मुभा दिली. भाषेची परीक्षा नाही. हे औदार्य परवडलं, कारण लोकसंख्येत सुमारे ८० टक्के लिथुआनियनच होते. वाद मिटले असं मात्र नाही. पोलिश अल्पसंख्याकांना पासपोर्टवर नावात क्यू, डब्ल्यू, एक्स ही लिथुआनियन वर्णमालेत नसलेली अक्षरं मिळायला २०२२ उजाडलं.

लॅटव्हियात १९८९ च्या जनगणनेनुसार लॅटव्हियन जेमतेम ५२ टक्के. त्यामुळे ऑक्टोबर १९९१ च्या ठरावाने नागरिकत्व परत मिळालं ते १७ जून १९४० रोजी, म्हणजे सोव्हिएत सैन्याने देशाचा ताबा घेतला त्या दिवशी, नागरिक असलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना. उरलेले सुमारे सात लाख लोक 'अ-नागरिक' झाले: राहता येतं, पासपोर्टही मिळतो, पण मत देता येत नाही, अगदी पालिकेतही नाही. १९९४ च्या कायद्यात पाच वर्षांचं कायम वास्तव्य, लॅटव्हियन भाषा, इतिहास, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांची परीक्षा अशा अटी आल्या. त्यावर अर्ज करायला वयोगटानुसार टप्पे: १९९६ पासून आधी तिथेच जन्मलेले १६ ते २० वयाचे तरुण. म्हणजे ज्यांना भाषा सर्वांत अवघड, ते वृद्ध रांगेत मागे. ही पद्धत १९९८ च्या सार्वमताने गेली. अ-नागरिकांच्या नवजात मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागलं ते थेट २०२० पासून. आमच्या मते हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.