फोंड्यातल्या टॅक्सवाल्या बाई : पाचपैकी चार

तिस्काजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर या बाईंचं ऑफिस आहे. जिना उभा, लिफ्ट नाही, बसायला चार प्लास्टिकच्या खुर्च्या. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे.

मी हायस्कुलात मुख्याध्यापक. टॅक्स पगारातूनच कापला जातो, त्यामुळे रिटर्न म्हणजे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) वरचे आकडे उतरवायचे, एवढीच माझी समज. एप्रिल २०२४ मध्ये आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट कुंडईच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका मुलाला महिना १४,००० रुपयांनी दिला. जानेवारीत तो पॅन नंबर मागायला दारात उभा. भाडं वर्षाला लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्यावर सूट घेताना मालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. म्हणजे माझं भाडं आता सरकारदरबारी चढणार. लपवायचं नव्हतंच, पण टॅक्सची आठवणही नव्हती, हे खरं.

आधी एका ऑनलाइन सेवेला ७९९ रुपये भरले. त्यांनी सगळं भाडं माझ्या एकट्याच्या नावावर दाखवून कच्चा हिशेब पाठवला. मेहुण्याने तो बघितला आणि म्हणाला, "भावजी, तुम्ही गोव्याचे ना? मग ताईचा अर्धा वाटा कुठे गेला?" फोनवरच्या मुलाला कलम ५-ए, म्हणजे गोव्यातल्या नवरा-बायकोत उत्पन्न वाटायचा नियम, विचारलं, तर त्याने मला तीनदा होल्डवर ठेवलं. म्हणून हा जिना चढलो.

बाईंचा पहिलाच प्रश्न, "सर, लग्नाआधी मालमत्तेचा काही करार केला होता?" आमच्या लग्नात करार झाला तो फक्त जेवणावळीचा. मग त्यांनी समजावलं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ५-ए तेच उत्पन्नाला लावायचं. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं. भाडं माझ्या खात्यात येवो की तिच्या, अर्धं तिचं.

माझ्या वहीत रंगकामाचे ३८,००० आणि सोसायटीचा मेंटेनन्स लिहिला होता. बाईंनी दोन्हींवर आडवी रेघ मारली. घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजा मिळतात. रंग, प्लंबर, मेंटेनन्स सगळं त्यातच आलं. खर्च शून्य झाला तरी ३०, लाख झाला तरी ३०. घराचं कर्ज असेल तर व्याजाचा हिशेब वेगळा, पण ते आम्हाला नव्हतं. डिपॉझिट परत द्यायचं असल्यामुळे ते उत्पन्नात धरलं नाही.

घरपट्टीत मात्र मी मार खाल्ला. बिल फेब्रुवारीत आलं होतं, मी नगरपालिकेत पैसे भरले ४ एप्रिलला. मालकाने ज्या वर्षी प्रत्यक्ष भरली, त्याच वर्षी ती वजा होते. चार दिवसांसाठी २,१६० रुपये पुढच्या वर्षात गेले.

शेवटी हिशेब असा : भाडं १,६८,०००, वजा ५०,४००, राहिले १,१७,६००. निम्मे म्हणजे ५८,८०० बायकोकडे गेले, आणि तिचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असल्याने त्यावर टॅक्स शून्य. माझा टप्पा २० टक्क्यांचा, म्हणजे सेस (टॅक्सवरचा जादा कर) धरून १२,२३० रुपये वाचले. मी खूश. तेवढ्यात बाईंनी बायकोच्या मुदत ठेवीच्या १८,००० व्याजातले ९,००० माझ्या रकान्यात टाकले. नियम दोन्हीकडून लागतो. निव्वळ फायदा दहा हजारांच्या थोडा वर.

दोघांचेही रिटर्न आयटीआर-२ या फॉर्मवर भरले, वाटणी दाखवणाऱ्या शेड्यूल ५-ए या तक्त्यासकट. दोघांचे मिळून फी २,५००. ऑनलाइनपेक्षा महाग, पण कुठला आकडा कुठून आला ते कागदावर लिहून देतात.

आता तक्रार. मी ऑगस्टच्या सुरुवातीला कागद दिले. "चवथीनंतर या, सर," असं दोनदा ऐकलं, फोन तर उचलतच नाहीत. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून निभावलं. रिटर्न भरला गेला ११ तारखेला. शिवाय टॅक्स कापून झाल्यावरही १०,००० किंवा जास्त देणं उरत असेल तर तो आगाऊ हप्त्यांत भरावा लागतो, हे शेवटच्या दिवशी कळलं. वर्ष आधीच संपलं होतं, त्यामुळे व्याज तसंही चुकलं नसतं, पण पहिल्या भेटीत सांगितलं असतं तर मनाची तयारी झाली असती. आता भाड्याचा आकडा शाळेच्या ऑफिसात कळवला आहे, पगारातूनच कापतील. फीची पावतीही मागितल्यावरच मिळाली. एक तारा त्यापायी कापला.

मांद्र्याला मेहुणीला खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत, तेही विचारलं. "ते प्रकरण वेगळं, आधी पर्यटन खात्याची नोंदणी करून या," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी फ्रिजवर बायकोने चिठ्ठी लावली आहे : घरपट्टी ३१ मार्चच्या आत. खाली बारीक अक्षरात : भाडं अर्धं माझं, जिना तुम्ही चढा.