एमजीबीत व्ही-८: वागळे इस्टेटमधलं गॅरेज

बाबांच्या एमजीबीत, म्हणजे एमजी कंपनीच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवून घेतलं. काम अतिशय मनापासून झालंय. मूळचं १७९८ सीसीचं इंजिन बिडाचं, हे ॲल्युमिनियमचं; त्यामुळे सिलिंडर दुप्पट होऊनही गाडीचं नाक जड झालं नाही. एमजीनं स्वतःच १९७३ ते १९७६ या काळात ही जोडी विकली होती.

गॅरेजच्या मिस्त्रींनी आरटीओच्या परवानगीचे कागद आधी मागितले. मग ब्रेक आणि रेडिएटर बदलले, आणि त्यानंतरच इंजिनाला हात लावला. हा क्रम मला सगळ्यात आवडला! गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्येही गाडीला दम लागत नाही, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा जागचा हलत नाही. डॅशबोर्डखालचं वायरिंग मात्र अजून नीट बांधायला हवं.