मुंजीत पेला द्यायचाय: चांदीचा की तांब्याचा?

धाकट्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, भाच्याच्या मुंजीत कुठला पेला देऊ?"

खर्चात तुलनाच नाही. चांदी वजनावर, वर मजुरी. पण अडीअडचणीला मोडता येते. तांबं मोडीत फारसं देत नाही.

टिकाऊपणात मात्र मला तांबं उजवं वाटतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत माठारकाम केलेला पेला हातात घेऊन बघ. हातोडीच्या एकेका ठोक्याने पत्रा कडक होतो, अंगावर खवल्यांसारखी चमक येते. भेटीतल्या चांदीचा पत्रा बहुधा पातळ. पडला की पोचा आलाच.

रोजच्या वापरात चांदी जिंकते. दूध, ताक, सरबत, काहीही चालतं. तांब्यात ताक कळकतं, म्हणून त्यात फक्त पाणी.

घासायचं म्हणशील तर चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, तांबं चिंचेने लगेच गुलाबी होतं.

मुलगा संध्या करणार असेल तर पळी-पंचपात्रासोबत तांब्याचाच पेला शोभेल. तुझी आठवण म्हणून कपाटात जपायचा असेल तर चांदीचा घे, नाव कोरून. बाळाच्या बारशाला तर मी डोळे मिटून चांदीच देते.