डांबर खरवडायचं की राहू द्यायचं?

गाडीचं वजन कमी करायचंय म्हणून साउंड डेडनिंग (आवाज-थरथर कमी करायला फ्लोअरवर लावलेले थर) काढू का, असं विचारणारे बहुतेक जण कार्पेट आणि डांबर एकाच पिशवीत घालतात आणि तिथंच घोळ होतो. कार्पेट आणि त्याखालचा जाड फेल्ट सुटा असतो, काढला, नाही पटलं तर संध्याकाळी परत टाकला. खालच्या डांबरी शीट मात्र कारखान्यात पेंटच्या भट्टीतल्या उष्णतेनं पत्र्याला घट्ट धरून बसलेल्या असतात, त्या निघतात ते तुकडे होऊनच.

आता मिळतं काय ते बघा. डांबर काढून गाडीगणिक फरक पडतो पण ढोबळ ८ ते १५ किलो धरा, म्हणजे हजार किलोच्या गाडीत एक-दीड टक्का, आणि तेही अगदी तळाचं वजन, त्यामुळे सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली यायच्या ऐवजी किंचित वरच जाते. तेवढंच वजन स्टेपनी काढून पाच मिनिटांत जातं. मागचं सीट आहे, जड बॅटरीच्या जागी लिथियम बॅटरी आहे, हे सगळं करून झालं असेल तरच डांबराकडे वळा असं माझं मत. १९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ आठवा, तिची हलकी आवृत्ती टूरिंग या आरामदायी आवृत्तीपेक्षा साधारण १०० किलोनं कमी होती, पण ते कार्पेट, मागची सीटं, आवाजरोधक थर असं किती काय काय काढून, एकट्या डांबरावर नाही.

जातं काय? डांबर आवाज शोषत नाही, ते पत्र्याची थरथर मारतं. ते गेलं की फ्लोअर ढोलासारखा वाजतो, चाकानं उडवलेला एकेक खडा पायाखाली टण्ण करतो आणि एक्झॉस्टवरचा भाग तर बुटातून जाणवेल इतका तापतो (फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचं, मी कधीच काढत नाही, तिथली उष्णता आणि आवाज दोन्ही थेट अंगावर येतात).

तरी काढायचंच असेल तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) की हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र)? सपाट फ्लोअरवर ड्राय आइसला तोड नाही. उणे ७८.५ अंशाला डांबर काचेसारखं होतं, दहा मिनिटं ठेवा, हातोडीनं हलकं टकटक केलं की तडतड करत मोठमोठे पोपडे सुटतात आणि खालचा रंग जवळपास कोरा निघतो. पण उभ्या भागावर ते ठरत नाही, घसरून खाली जमा होतं. आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणजे तुम्ही वाकून काम करताय तिथंच साचतो, तेव्हा चारही दरवाजे सताड उघडे आणि हातात जाड हातमोजे हवेतच. हीट गन तिरक्या भागावर चालते पण डांबर च्युइंगमसारखं ताणलं जातं, स्क्रेपरला, मोज्यांना, नंतर कोपराला चिकटतं, मग टर्पेंटाइननं पुसत बसा. माझा पहिला फूटवेल (पाय ठेवायची खोलगट जागा) मी असाच केला आणि अर्धा दिवस गेला, शिवाय स्क्रेपरच्या कोपऱ्यानं रंगावर दोन चरे पडले ते वेगळेच. आता सपाट भाग थंडीनं आणि चढ-उतार गरमीनं, असं वाटून करतो.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. पत्र्याच्या जोडांवरून जाणारी सीलरची रेघ म्हणजे डांबर नव्हे, ती खरवडली तर पाणी आत येणार. आणि सीट काढण्याआधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबा, खालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात.

रोज चालवायची गाडी असेल तर डांबर राहू द्या, फक्त कार्पेट-फेल्ट काढून महिनाभर चालवा, तो आवाज सहन झाला तर पुढचं बघू. निव्वळ ट्रॅकची असेल तर खुशाल काढा, फक्त चरा पडून पत्रा उघडा पडला असेल तिथं त्याच दिवशी प्रायमर मारा.