मॉरिस मायनर १०००, १९६६ ची फोर डोअर : सव्वा वर्ष चालवल्यानंतर

गाडी घेतली तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की बाबा साठ वर्षांची गाडी रोजच्या वापराला कशी काय जमणार, तेव्हा काही बोललो नाही, आता बोलतो. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. गाडी आल्मंड ग्रीन, १०९८ सीसी, चार दारांची, आणि झाकून ठेवायची आणि रविवारी पुसायची असली भानगड नाही. वाणसामान, पोरीचं स्विमिंग, कॉव्हेंट्रीला मित्राकडे, सगळीकडे हीच जाते. घरात दुसरी एक साधी हॅचबॅक आहे, ती लांबच्या प्रवासाला आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायला लागले की.

आधीच सांगतो, मायनरची किंमत वरून ठरत नाही, खालून ठरते. पुढे जे काही लिहिलंय ते या एकाच गोष्टीभोवती फिरतं, त्यामुळे घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली, हाच माणूस पुढे मिनीवाला. १९४८ ला लंडनच्या अर्ल्स कोर्ट मोटर शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. कंपनीचा मालक लॉर्ड नफिल्ड, त्याला गाडी अजिबात आवडली नव्हती, पोच केलेलं अंडं म्हणाला होता. ऐन वेळी इसिगोनिसला गाडी अरुंद वाटली म्हणून मधोमध कापून चार इंच रुंद करून बघितली, बरी दिसली, आणि मग सगळी गाडीच चार इंच वाढवली, त्यामुळे बॉनेटच्या मधोमध तो चपटा पट्टा दिसतो. ज्या गाडीला मालकानेच नाक मुरडलं ती पुढे दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी झाली. आणि हो, आपली अँबॅसिडर म्हणजे याच घराण्यातली मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३. वडिलांची अँबॅसिडर होती, त्यांना व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर पहिला प्रश्न, "ग्रीसिंग केलंस का?" मोटार बघून कौतुक वगैरे नंतर.

इंजिनाबद्दल एवढंच की सुरुवातीच्या गाड्यांना ९१८ सीसी साइड व्हॉल्व्ह, १९५२ पासून ८०३ चं ए सिरीज, १९५६ ला ९४८ आणि पुढची काच अखंड झाली (त्याआधी दोन तुकड्यांची), मग १९६२ ला १०९८. जुन्या दोन काचवाल्या दिसायला गोड आहेत पण आजच्या ट्रॅफिकमध्ये चालवायची असेल तर १०९८ च घ्या, ४८ हॉर्सपॉवर म्हणजे काही फार नाही पण गाडी पाऊण टनाच्या आसपास आहे, ओढते.

घेताना दोन गाड्यांमध्ये मन अडकलं होतं. पहिली एका विक्रेत्याकडे, नवा रंग, क्रोम झगझगीत, सीट नव्या, भाव सात हजार पौंड. खाली वाकून बघितलं तर ताजं काळंकुट्ट अंडरसील (गंज रोखायला गाडीखाली मारतात तो लेप), बोटभर जाड, सगळीकडे सारखं. खिशात मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं लोहचुंबक ठेवलं होतं ते दाराखालच्या पट्टीवर फिरवलं, पुढच्या अर्ध्या भागात धरलं, मागे यायला लागलं तसं घसरून खाली. म्हणजे तिथे पत्रा नाहीच, नुसती पुट्टी. वरून कीर्तन आतून तमाशा. विक्रेता म्हणाला गाडीला ४० वर्षांपेक्षा जास्त झाली त्यामुळे एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, लागतच नाही, जसं काही तो गुणच आहे. दुसरी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे, रंग उडालेला, मडगार्डला पोचे, पण बिलांची एक जाडजूड फाइल आणि खालचा पत्रा जिथे सडलाय तिथे सडलेला सरळ दिसत होता, लपवालपवी नाही. बेचाळीसशेला घेतली.

मायनरमध्ये वेगळी चासी नाही, बॉडीच चासी, त्यामुळे गंज म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीचा कणाच जातो. बघायच्या जागा ठरलेल्या. दाराखालच्या सिल आणि त्यांच्या आतल्या बॉक्सिंग प्लेट, पुढच्या सीटखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर त्याची दोन्ही टोकं (टॉर्शन बारचं, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं, मागचं टोक तिथेच अडकवलेलं असतं, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा सगळा जोर तिथे), मागच्या पाट्यांचे हँगर, आणि बॉनेटखाली इंजिनाच्या दोन बाजूंचे चासी लेग. माझ्या गाडीत एका बाजूची सिल, क्रॉसमेंबरची दोन्ही टोकं आणि एक हँगर गेलेला. वेल्डर ओळखीतून मिळाला, स्वतःच्या शेडमध्ये काम करतो, गडी हुशार, आधी दारांमध्ये लाकडी फळ्या घालून आणि गाडी नीट टेकवून मगच सिल कापली, कारण तसंच कापलं तर बॉडी मध्ये बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. मजुरी आणि पत्रे धरून एकवीसशे पौंड. पत्रे सगळे नवीन मिळतात हे या गाडीचं मोठं सुख, बॉडीचे, ब्रेकचे, रबराचे, अगदी छोट्या क्लिपपर्यंत, घरबसल्या पार्सल येतं. वेल्डिंग झाल्यावर पोकळ भागांत मेणाचं कोटिंग मारून घेतलं, ते दर दोन हिवाळ्यांनी परत मारायचं.

आता ट्रनियन. हे नीट वाचा, मायनर घ्यायची असेल तर. पुढच्या चाकाचा खांब वर-खाली ज्या आट्यांच्या जोडांमध्ये फिरतो ते ट्रनियन, त्या आट्यांना ग्रीस मिळालं नाही की झिजतात, आणि एक दिवस खालचा जोड सुटून चाक आडवं पडतं, मडगार्डात घुसतं. बहुतेक वेळा पार्किंग करताना, पूर्ण स्टिअरिंग वळवलेलं असताना, हळू वेगात होतं म्हणून लोक हसून सांगतात, पण हायवेवर झालं तर हसायला कोणी उरणार नाही. उपाय एकदम साधा, दर हजार मैलांना ग्रीसगन. फक्त चाक हवेत उचलून मारायचं, जमिनीवर असताना मारलं तर वजन पडलेल्या बाजूला ग्रीस शिरतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर यायला लागलं आणि त्यामागून स्वच्छ यायला लागलं की बस. मग चाक वरून-खालून धरून हलवून बघायचं, टकटक आली तर काम काढायचं. वडिलांना हे सगळं सांगायची गरज पडली नाही हे वेगळं सांगायला नको.

चालवायला कशी? पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर विनाखरखर पडावा म्हणून असलेली सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, टाकलात तर ती ओरडते. स्टिअरिंग रॅक आणि पिनियन, १९४८ पासूनच, आणि खरंच मजा येते, गावाबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्याला चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या वेगात ही गाडी इतकी हलकी वळते की आमच्या हॅचबॅकमध्ये बसल्यावर सगळं बधिर वाटतं. एक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून तो फुर्रर्र आवाज, मायनरचा ट्रेडमार्क, पोरीला यासाठीच ही गाडी आवडते. एम १ वर पंचावन्नला आरामात जाते, साठच्या वर इंजिन बोंबलतं आणि तुमच्या काचेत ट्रकचं तोंड दिसत राहतं. ब्रेक चारी ड्रम, सर्व्हो (ब्रेक दाबायला मिळणारी मदत) नाही, पाय जोरात लागतो, आणि पुढच्याशी जितकं अंतर ठेवता त्याच्या दुप्पट ठेवा, कोणीतरी मध्ये घुसणारच ते गृहीत धरा. ब्रेक ऑइलचा मास्टर सिलिंडर कुठे, तर ड्रायव्हरच्या पायाखाली फ्लोअरच्या आत! ऑइल बघायचं म्हणजे मॅट उचला, रबरी बूच काढा, टॉर्च मारा. ज्याने ही जागा ठरवली त्याने स्वतः कधी तो बदलला नसणार. आणि सर्किट एकच, एक होज फुटली की चारी ब्रेक गेले, म्हणून घेतल्या घेतल्या सगळ्या होज आणि व्हील सिलिंडर नवीन टाकले, सहाशेच्या आसपास लागले.

इलेक्ट्रिकची गंमत म्हणजे गाडी पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीचा प्लस बॉडीला. फोन चार्जर, रेडिओ असलं काही आजच्या पद्धतीने थेट जोडलं तर धूर. जंप स्टार्ट देताना-घेताना दोन गाड्यांच्या बॉडी एकमेकांना टेकता कामा नये, एकाच्या बॉडीत प्लस दुसऱ्याच्या बॉडीत मायनस, टेकल्या की दिवाळी. अर्थ बदलून घेणं अवघड नाही, मी ठेवलाय तसाच. डायनॅमो आहे, ऑल्टरनेटर नाही, त्यामुळे डिसेंबरच्या संध्याकाळी हेडलाइट, वायपर, हीटर तिन्ही चालू आणि सिग्नलला उभे असलात की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायला लागतो आणि लाइट पिवळे पडतात, निघाल्यावर परत ठीक. पेट्रोल पंप एसयूचा इलेक्ट्रिक, चावी फिरवली की टिकटिक टिकटिक करून गप्प होतो, म्हणजे कार्बोरेटर भरला. एकदा टिकटिक आलीच नाही, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून पान्याच्या दांड्याने पंपावर टप्पू मारला, चालू. आतले पॉइंट चिकटतात. बायको शेजारी उभी राहून म्हणाली आपल्या जुन्या टीव्हीला पण असंच करायचे. नंतर पॉइंट घासले, मग त्रास नाही.

पेट्रोल नेहमी सुपर, कारण २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे आणि इथेनॉलने जुनी रबरी नळी खराब होते, सुपर बऱ्याच पंपांवर ई५ मिळतं. नळ्या बदलल्यात तरी मी सुपरच घालतो. अनलेडेड, म्हणजे बिनशिशाच्या पेट्रोलसाठी हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट आधीच्या मालकाने बसवल्यात, बिल फाइलमध्ये आहे. अॅव्हरेज गॅलनला ३५ ते ३८ मैल, म्हणजे लिटरला साडेबारा ते साडेतेरा किलोमीटर. रोड टॅक्स शून्य पण शून्याचासुद्धा दरवर्षी भरावा लागतो, विसरू नका. लंडनचा यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा आकार) या हिस्टॉरिक गाड्यांना माफ, कंजेशन चार्ज (शहराच्या मध्यभागी गाडी नेण्याचा आकार) मात्र माफ नाही, बरेच जण यात गल्लत करतात. एमओटी कायद्याने लागत नाही तरी मी करून घेतो, कमाल फी ५४.८५ पौंड, त्यात एक तटस्थ माणूस गाडी वर उचलून खालून बघतो, यापेक्षा स्वस्त डोळे मिळणार नाहीत. आणि विकताना ते कागद बोलतात.

आता पैशाचं. बेचाळीसशे अधिक एकवीसशे अधिक सहाशे, एकोणसत्तरशे झाले. इन्शुरन्स घेताना अॅग्रीड व्हॅल्यू मागा, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार तो आकडा आधीच लेखी ठरतो, नाहीतर कंपनी जुनी गाडी म्हणून काहीतरी किरकोळ टेकवते. फोटो (खालचे पण), वेल्डिंगची बिलं आणि ओनर्स क्लबचं व्हॅल्युएशन पत्र दिलं, ठरले साडेपाच हजार. म्हणजे चौदाशे अंगावर. हौसेला मोल नाही म्हणतात पण वेल्डरला आहे. मला याचं वाईट वाटत नाही, नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढताना याहून जास्त जातात, फक्त कोणी हे गुंतवणूक म्हणून करत असेल तर नका करू. सलूनची (माझ्यासारख्या बंद छताच्या साध्या गाडीची) तळापासून पूर्ण बांधणी करायला निघालात तर खर्च तिच्या बाजारभावाच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून ज्याने आधी वेल्डिंगवर पैसे ओतलेत आणि आता विकतोय त्याच्याकडून घ्या, रंग नंतर बघू. माझी अजूनही पोचे आलेलीच आहे.

सलून सगळ्यात स्वस्त, कन्व्हर्टिबल आणि ट्रॅव्हलर (मागे लाकडी चौकटीची इस्टेट) महाग. म्हणूनच सलूनचं छत कापून कन्व्हर्टिबल केलेल्या गाड्या फिरतात, नीट केल्या असतील तर वाईट नाहीत पण भाव अस्सल कन्व्हर्टिबलचा देऊ नका, चासी नंबरातली अक्षरं बघा, टूररला (म्हणजे अस्सल कन्व्हर्टिबलला) टी, ट्रॅव्हलरला डब्ल्यू असतो. ट्रॅव्हलरचं मागचं लाकूड शोभेचं नाही, अॅश लाकडाची ती फ्रेमच मागची बॉडी धरून ठेवते, काळं पडलेलं किंवा बोट दाबल्यावर मऊ लागणारं लाकूड दिसलं तर सुताराचं बिल आधी काढून घ्या आणि मग भावाला बसा.

पोरं असतील तर एक गोष्ट. कारखान्यातून मागे बेल्ट आलेलेच नाहीत. गाडीत बेल्ट नसतील तर तीन वर्षांखालच्या मुलाला न्यायचंच नाही आणि त्यावरचं मूल मागेच बसवायचं असा इथला नियम आहे, पण नियमात बसतं म्हणून मी सात वर्षांच्या पोरीला बिनबेल्टची नेणार नव्हतो. वेल्डिंग चालूच होतं तर मागे जाड प्लेटा लावून माउंटिंग करून घेतलं, तीन पॉइंटचे बेल्ट, त्यावर बूस्टर सीट. खर्च फार नाही, पण हे काम पत्र्याच्या कामाबरोबरच करा, नंतर सगळं परत उघडावं लागतं.

सध्या मागचे लिव्हर आर्म डॅम्पर (जुन्या पद्धतीचे शॉक अॅब्सॉर्बर) तेल गळतायत, स्पीडब्रेकरवरून गेलं की मागची बाजू दोनदा उडी मारते. तेल भरतोय तात्पुरतं. पुढच्या महिन्यात एमओटीला न्यायची आहे, त्याआधी रिकंडिशन केलेली जोडी मागवतो.