साडीवर चालवता येणारी गिअरची सायकल

जुन्या वळणाची सायकल घ्यायची असेल तर नुसत्या रंगावर आणि पितळी घंटीवर भाळू नका. आधी मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला आऱ्या जोडलेला जाड भाग, बघा. मला माझी सायकल आवडते ती त्या हबमुळे.

दिसायला ती पूर्वीची लेडीज सायकलच. दांडी खाली वाकलेली, हँडल आपल्याकडे वळलेलं, स्प्रिंगची रुंद सीट आणि पदर अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. गिअर मात्र शिमानो या जपानी कंपनीचे, नेक्सस नावाचे, तीन, आणि तिन्ही हबच्या पोटात. बाहेर चकत्यांची उतरंड नाही, म्हणून चेनला पूर्ण बंद कव्हर बसतं. निऱ्यांना ग्रीसचा डाग लागत नाही.

या गिअरचा खरा कस आमच्या नाशकात होळकर पुलाच्या पुढे लागतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून भाजी घेऊन रविवार कारंजाकडे निघालं की चढ लागतो आणि गर्दीत मधेच थांबावं लागतं. नेहमीच्या गिअरच्या सायकलीत पायडल फिरत असतानाच गिअर बदलतो. म्हणजे जड गिअरवर अडकलात की पुन्हा निघताना सगळा जोर गुडघ्यांवर. इथे एक पाय टेकवून उभं राहायचं आणि उजव्या हाताची मूठ फिरवायची, पहिला गिअर पडतो. तो मधल्यापेक्षा साधारण २७ टक्के हलका आहे. कॅरिअरवर मेथीच्या जुड्या आणि दोन नारळ असले की हा फरक लगेच कळतो.

दिवा पुढच्या चाकाच्या हबमधल्या डायनामोवर चालतो. टायरला घासणारा तो जुना बाटलीसारखा डायनामो आठवतोय ना? लावला की सायकल जड व्हायची आणि थांबलं की अंधार. आताचा एलईडी सायकल उभी असतानाही काही मिनिटं जळत राहतो. मागचा ब्रेकही हबमध्येच बंद, त्यामुळे जुलैच्या पावसात तो भिजत नाही. जुन्या स्टीलच्या रिमा ओल्या झाल्या की ब्रेक नुसते घसरायचे, ती धास्ती गेली.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली. नाशकात आज पहाटे गंगापूर रोडला हलक्या, वाकून चालवायच्या सायकली दिसतात, त्याचं मला फार कौतुक आहे. पण बँकेत, शाळेत, मंडईत जाणाऱ्या बाईला ताठ बसून, रोजच्या कपड्यांत चालवता येईल अशी सायकल हवी. ती ही.

उणिवा आहेतच. सायकल वजनाला जड आहे, जिन्यावरून वर न्यायचा विचार सोडा. त्र्यंबकच्या रस्त्यालाही ही नेऊ नये, तीन गिअर तिथे अपुरे पडतात. मागचं चाक काढायचं तर गिअरची केबल सोडवावी लागते आणि कोपऱ्यावरचे पंक्चरवाले बिचकतात. त्यांना सांगा, चाक काढूच नका, टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर ओढा. गिअर अडखळायला लागला तर मूठ २ वर ठेवून हबजवळच्या छोट्या खिडकीतली खूण जुळवायची. सायकल घेतानाच दुकानदारासमोर हे करून बघा. आणि एका पायाचा स्टँड बदलून दोन पायांचा लावून मागा, भाजी भरल्यावर एक पाय पुरत नाही.